मोठी मॅगव्हील बसवण्याआधी करायची मोजमापे

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत किंवा नवी मुंबईत तुर्भ्याच्या आसपास टायरच्या कोणत्याही दुकानात मॅगव्हीलची, म्हणजे मिश्रधातूच्या अलॉय चाकांची, चौकशी केली, की पहिला प्रश्न 'किती इंच?' हाच येतो. पंधराची चाके असतील तर सोळा, सोळाची असतील तर सतरा, असे बोलणे होते आणि अर्ध्या तासात गाडी जॅकवर चढलेली असते. रिमचा इंच हे माप दुकानदाराच्या सोयीचे आहे. गाडीच्या चालीविषयी त्यावरून फारच थोडे कळते. गाडी आळसावते की नाही, ॲव्हरेज घसरते की नाही आणि पहिल्याच पावसाळ्यात रिम वाकते की नाही, हे चार वेगळ्या मापांवर ठरते: टायरसकट चाकाचा एकूण व्यास, चाकाचे वजन, टायरच्या भिंतीची, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतच्या रबरी बाजूची, उंची आणि रिम हबपासून (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागापासून) किती बाहेर येते ते अंतर. टेप, वजनकाटा आणि कागद-पेन्सिल एवढ्या साहित्यावर ही मापे घरी काढता येतात. ती कशी काढावीत आणि काढल्यावर त्यांचा अर्थ कसा लावावा, हे पुढे दिले आहे.

मूळ माप आणि एकूण व्यास

चालकाच्या बाजूचे दार उघडल्यावर बहुतेक गाड्यांच्या खांबावर एक स्टिकर दिसतो. त्यावर कंपनीने ठरवलेले टायरचे माप आणि हवेचा दाब छापलेला असतो. गाडीवर सध्या चढवलेल्या टायरवरचे माप वाचण्याऐवजी हा स्टिकर वाचावा, कारण गाडी सेकंडहँड घेतलेली असेल, तर आधीच्या मालकाने काय उद्योग करून ठेवला आहे हे टायरवरून समजत नाही.

उदाहरणासाठी आपल्याकडच्या अनेक हॅचबॅक गाड्यांना कंपनीतूनच येणारे १८५/६५ आर १५ हे माप घेऊ. यातील १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आहे, ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आहे आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत आहे. म्हणजे भिंत १८५ गुणिले ०.६५, अर्थात १२०.२५ मि.मी. उंच. भिंत वर आणि खाली दोन्हीकडे येते, म्हणून २४०.५ मि.मी. त्यात पंधरा इंचांचे ३८१ मि.मी. मिळवले, की एकूण व्यास ६२१.५ मि.मी. होतो.

आता दुकानात सुचवली जाणारी तीन मापे याच रीतीने तपासू. १९५/५५ आर १६ या टायरची भिंत १०७.२५ मि.मी. आणि एकूण व्यास ६२०.९ मि.मी. येतो, मूळ मापाशी फरक एका मिलिमीटरचाही नाही. २०५/४५ आर १७ ची भिंत ९२.२५ मि.मी. आणि व्यास ६१६.३ मि.मी., म्हणजे मूळ मापापेक्षा सुमारे ०.८ टक्के कमी. तिसरे माप २०५/६० आर १६. हा छोट्या एसयूव्हीचा टायर 'गाडी उंच होईल, खाली घासणार नाही' असे सांगून हॅचबॅकला सुचवला जातो. त्याचा व्यास ६५२.४ मि.मी. आहे, म्हणजे मूळ मापापेक्षा जवळजवळ पाच टक्के अधिक. गाडी यामुळे खरोखरच सुमारे १५ मि.मी. उंच होते, आणि आमच्या सोसायटीसमोरच्या गतिरोधकाचा विचार केला, तर तो मोह मला समजतो. लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की सतरा इंची रिमवरचे दुसरे चाक एकूण व्यासाने मूळ चाकापेक्षा लहान आहे आणि सोळा इंची रिमवरचे तिसरे चाक त्या दोहोंपेक्षा मोठे आहे. नुसत्या इंचांवर भरवसा ठेवता येत नाही, तो याच कारणाने.

व्यास पाच टक्के वाढल्याने काय होते? इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून चाकाच्या आसापर्यंत येते आणि तेथून रस्त्यावर ढकल्याच्या रूपाने उतरते. आस आणि रस्ता यांतील अंतर जितके वाढते, तितका तो ढकला कमी होतो. पाच टक्के मोठ्या चाकावर प्रत्येक गिअरमध्ये रस्त्यावर पोहोचणारा जोर सुमारे पावणेपाच टक्क्यांनी घटतो. जणू गाडीचे सगळे गिअर थोडे वर सरकतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर कळंबोलीहून निघून सपाटीला शंभराच्या वेगाने जाताना हे सुखाचेही वाटेल, कारण इंजिनाचे फेरे तेवढेच कमी पडतात. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढणीला कंटेनरच्या मागे पहिल्या गिअरमध्ये थांबत-सरकत जाताना मात्र क्लच अधिक वेळ अर्धवट दाबून ठेवावा लागतो, आणि ज्यांचे इंजिन बाराशे सीसीच्या आतले आहे त्यांना दुसऱ्या गिअरवर निघणारी गाडी पुन्हा पहिल्यावर आणावी लागते. ब्रेकलाही हाच नियम लागू पडतो: पायाचा दाब तोच असेल, तर मोठ्या व्यासाच्या टायरला मिळणारी रोखण्याची शक्ती त्याच प्रमाणात कमी भरते.

स्पीडोमीटर चाकाच्या किंवा गिअरबॉक्सच्या फेऱ्या मोजतो. रस्ता मोजत नाही. व्यास पाच टक्के वाढवला, की काटा ८० दाखवत असताना गाडी मूळ हिशेबापेक्षा पाच टक्के वेगाने, म्हणजे ८४ ने धावते. कंपन्या स्पीडोमीटर मुळात थोडा जास्त वेग दाखवणारा ठेवतात, त्यामुळे थोडी सवलत असते. मोठे टायर ती सवलत खाऊन टाकतात. अटल सेतूवर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि काट्याकडे बघून शंभराला गाडी बांधून ठेवणाऱ्याला दंडाचे चलन आले, तर त्याचे मूळ टायरमध्ये असू शकते.

किलोमीटरचा आकडाही त्याच प्रमाणात कमी पडतो. मोठी चाके बसवल्यावर ॲव्हरेज पडल्याची जी तक्रार ऐकू येते, तिच्यातला एक हिस्सा निव्वळ मोजणीचा असतो. गाडी खरोखर लिटरला १८ किलोमीटर जात असली, तरी पाच टक्के मोठ्या टायरवर मीटरच्या हिशेबाने ती १७.१ दिसते. म्हणून आधी मीटरचा आकडा या हिशेबाने दुरुस्त करून घ्यावा आणि मग पेट्रोलचा हिशेब मांडावा.

सर्वसाधारणपणे तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असे टायरच्या धंद्यातील लोक सांगतात. माझे मत थोडे कडक आहे: दोन टक्क्यांच्या आत राहावे, आणि चारही चाकांचा व्यास सारखाच ठेवावा. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा चारही चाकांच्या फेऱ्यांची आपसांत तुलना करतात. पुढे एक माप आणि मागे दुसरे असेल, तर त्या यंत्रणेला एक चाक कायम घसरत असल्यासारखे वाटू शकते.

वजन: काट्यावर चढवल्याशिवाय विश्वास ठेवू नये

'अलॉय म्हणजे हलके' ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा हलके हे खरे, पण ओतीव रिमला मजबुती यावी म्हणून ती जाड ओतावी लागते, आणि पंधरावरून सतरावर गेले की धातूही अधिक लागतो. स्वस्तातली सतरा इंची ओतीव रिम कंपनीच्या पंधरा इंची पोलादी रिमपेक्षा सहज जड भरू शकते. घडीव रिम खरोखर हलक्या असतात, पण त्यांची किंमत ऐकून बहुतेक जण पुन्हा ओतीव रिमकडे वळतात.

वजन करण्याची रीत सोपी आहे. बाथरूममधल्या काट्यावर आधी स्वतः उभे राहावे, मग चाक हातात धरून उभे राहावे आणि वजाबाकी करावी. चाक हातात धरून काटा दिसत नाही, म्हणून आकडा वाचायला घरातले दुसरे कोणी तरी हवे. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी चाक भंगारवाल्याच्या काट्यावर न्यावे. तो पाच मिनिटांत वजन करून देतो आणि विकायचे आहे का, हेही विचारतो. स्टेपनी मूळ मापाचीच असेल, तर चाक उतरवण्याची गरज नाही, तीच तोलावी. नव्या रिमचे वजन दुकानात टायर चढवण्यापूर्वी करून मागावे. दुकानदाराने आढेवेढे घेतले, तर तेही एक उत्तरच समजावे.

माझ्या गाडीचे पंधरा इंची चाक टायरसकट साडेपंधरा किलो भरले आणि मला दाखवलेले सतरा इंची चाक साडेएकोणीस. चार चाकांचे मिळून सोळा किलो जास्त. आता या सोळा किलोंचा गाडीच्या धावेवर किती परिणाम होतो, याविषयी बऱ्याच अतिशयोक्त गोष्टी सांगितल्या जातात. चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो, असेही म्हणतात. वेग घेण्यापुरता विचार केला, तर हे खरे नाही. चाकाला पुढे जायचे असते आणि फिरायचेही असते, म्हणून त्याचे वजन दोनदा मोजले जाते, पण दुपटीहून जास्त कधीच नाही. वजन अगदी कडेला असेल तेव्हाच ते पुरते दुप्पट भरते. हबजवळचे वजन जवळजवळ एकपटच राहते. कुंभाराच्या चाकाचा भार कडेला ठेवलेला असतो तो एकदा दिलेली गती टिकून राहावी म्हणून. त्याच्या कामाला जे सोयीचे, तेच तीन हात नाक्यावर दर सिग्नलला थांबून निघणाऱ्या गाडीला गैरसोयीचे ठरते.

म्हणजे आपले सोळा किलो प्रत्यक्षात पंचवीस ते अठ्ठावीस किलोंसारखे वागतील. वाशीच्या बाजार समितीत कांद्याची पन्नास किलोची गोणी असते. तिच्या निम्म्याहून थोडे अधिक. चालकासकट हजार किलोंच्या गाडीला हे तीन टक्क्यांच्या आतच पडते. शहरात वारंवार थांबत-निघत गाडी चालवणाऱ्याला हे थोडेसे जाणवेल, महामार्गावर स्थिर वेगाने जाणाऱ्याला जाणवणारही नाही. व्यास पाच टक्के वाढवण्याची चूक वेगाच्या बाबतीत याहून महाग पडते, आणि तरीही बहुतेक चर्चा वजनाचीच होते.

वजनाचा खरा उपद्रव दुसरीकडे आहे. चाक, ब्रेक आणि सस्पेन्शनचा काही भाग हे स्प्रिंगच्या खालचे वजन. खड्डा आला की ते वर-खाली नाचते आणि शॉकॲब्सॉर्बरला ते आवरावे लागते. लहान हॅचबॅकच्या एका कोपऱ्यात हे वजन ढोबळमानाने तीस ते चाळीस किलो असते. त्यात चार किलोंची भर म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक वाढ, आणि स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर मात्र जुन्याच वजनासाठी बनवलेले. पेव्हर ब्लॉक उखडलेल्या पट्ट्यावर किंवा काँक्रीटच्या सांध्यांवर असे चाक रस्त्याला चिकटून राहण्याऐवजी उडते; आत बसलेल्यांना तो धक्का पाठीत लागतो, आणि चाक हवेत असते त्या क्षणी ते ना वळवू शकते ना थांबवू शकते. पंधराऐवजी सोळा बसवून चाकामागे अर्धा-एक किलो वाढत असेल, तर मी हरकत घेणार नाही. दोन किलोंच्या वर गेले, की नाही म्हणेन.

भिंत, खड्डे आणि पावसाचे पाणी

मोठी रिम बसवून एकूण व्यास तोच ठेवायचा, तर भिंत कमी करावी लागते, दुसरा उपाय नाही. वरच्या उदाहरणात पंधरावरून सतरावर जाताना भिंत १२० वरून ९२ मि.मी. वर आली, म्हणजे २८ मि.मी. कमी. याचा फायदा आधी सांगतो, कारण तो खरा आहे. बुटकी भिंत कमी लवचीक असते. स्टीअरिंग वळवले, की टायर मुरगळण्यात वेळ न घालवता गाडी लगेच वळते. पहाटे मोकळ्या पाम बीच रस्त्याच्या लांब वळणांवर हा फरक स्पष्ट कळतो आणि ज्याला गाडी चालवण्याची हौस आहे त्याला तो आवडतोही. मात्र रस्त्याची पकड प्रामुख्याने टायरच्या रबराच्या दर्जावर अवलंबून असते. मोठ्या रिमवर स्वस्त टायर चढवण्यापेक्षा मूळ रिमवर चांगले टायर चढवणाऱ्याची गाडी ओल्या रस्त्यावर लवकर थांबते, असा माझा अनुभव आहे.

खड्ड्याचा हिशेब असा. गाडीचे चाक खड्ड्याच्या पलीकडच्या धारेवर आदळते, तेव्हा टायर दबतो. भिंत उंच असेल, तर तो दबण्यातच धक्का जिरतो. भिंत बुटकी असेल, तर टायर रिमच्या कडेपर्यंत चेपला जातो आणि रिमची कड व खड्ड्याची धार यांच्या कात्रीत सापडून आतले दोरे तुटतात. वरून काही दिसत नाही. दोन-चार दिवसांनी भिंतीवर फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. पोलादी रिम वाकते आणि बहुधा ठोकून सरळ करता येते. ओतीव अलॉयला तडाही जाऊ शकतो. तापवून सरळ केलेली किंवा वेल्डिंग मारलेली अलॉय रिम पुन्हा गाडीला, निदान पुढच्या बाजूला, लावू नये, असे मला वाटते. जुलैमध्ये पाणी तुंबलेल्या कापूरबावडी–माजिवडा पट्ट्यात खड्डा दिसतच नाही, आणि आमच्या शेजाऱ्यांनी एकाच महिन्यात एका बाजूचे दोन्ही टायर असेच गमावले. त्यांच्या मागे मूळ मापाच्या चाकांवर जाणाऱ्या माझ्या गाडीला तोच खड्डा लागला होता. माझ्या टायरला ओरखडाही आला नाही, आणि त्यात माझे कौशल्य काहीच नव्हते.

रुंदीचाही विचार करावा. रुंद टायरला पाणी बाजूला सारण्यासाठी अधिक काम करावे लागते. साचलेल्या पाण्यावरून वेगाने जाताना तो अरुंद टायरपेक्षा आधी तरंगू लागतो. १८५ वरून १९५ वर जाण्याने फार बिघडत नाही, पण २१५ चा टायर हलक्या गाडीला लावून पावसात ठाणे–बेलापूर रस्त्यावर वेग घेणे शहाणपणाचे नाही. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मि.मी. हवी, रुंद टायर लावणाऱ्याने तीन मि.मी. उरले की नवा घ्यावा.

भार पेलण्याचा आकडा

टायरच्या मापानंतर '८८ एच' किंवा '८४ व्ही' असे काही लिहिलेले असते. आकडा म्हणजे भारांक. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो, ८७ म्हणजे ५४५ आणि ८४ म्हणजे ५००. अक्षर कमाल वेगाचे: एच म्हणजे ताशी २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर. वेगाचे अक्षर वाढले म्हणून खूश होणारे लोक भारांक घटल्याचे पाहत नाहीत. १८५/६५ आर १५ सहसा ८८ भारांकाचा मिळतो आणि साधा २०५/४५ आर १७ हा ८४ चा; चार टायरमध्ये मिळून २४० किलोंची ऐपत गेली. भारांक मूळ टायरपेक्षा कमी होता कामा नये. त्याच मापात 'एक्सएल' म्हणजे वाढीव भाराचा ८८ चा टायरही मिळतो, पण तो पूर्ण भार पेलतो तो अधिक दाबावर. त्यामुळे दारावरच्या स्टिकरवरचा जुना दाब त्याला पुरेसा नाही. टायर कंपनीच्या तक्त्यावरून दाब ठरवून घ्यावा आणि हवा टायर थंड असतानाच भरावी.

टायरवर भारतीय मानकाचा आयएसआय शिक्का आहे ना आणि निर्मितीचा चार अंकी आकडा किती जुना आहे, हेही त्याच वेळी पाहावे. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रिमवर आतल्या बाजूला व्यास, रुंदी, ऑफसेट (याचा अर्थ पुढे येतो) आणि कमाल भार ओतलेला असतो. जेडब्ल्यूएल हे जपानी मानकाचे चिन्ह निर्माता स्वतःच्या चाचणीवर लावतो आणि व्हीआयए हे स्वतंत्र तपासणीचे चिन्ह आहे. यांपैकी काहीच ओतलेले नसेल, तर ती रिम कितीही देखणी असली तरी परत ठेवावी.

रिम बसते म्हणजे जुळतेच असे नाही

पीसीडी म्हणजे ज्या वर्तुळावर बोल्ट बसवलेले असतात त्याचा व्यास. चार बोल्टांच्या गाडीत समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या केंद्रांमधले अंतर मोजले, की तो मिळतो. आपल्याकडच्या पुष्कळ हॅचबॅकमध्ये तो १०० मि.मी. असतो. ९८ मि.मी. ची रिमही बाजारात आहे आणि दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. नट आवळून ती बसवता येते, पण नट तिरपे बसतात आणि पुढे ढिले होतात. याबाबत तडजोड नको.

मधल्या भोकाचे मात्र तसे नाही. मारुती सुझुकीच्या अनेक हॅचबॅकमध्ये हबचा व्यास ५४.१ मि.मी. असतो, आणि बाजारातल्या रिम एकाच साच्यातून अनेक गाड्यांना चालाव्यात म्हणून त्यांचे भोक ६७ किंवा ७३ मि.मी. चे ठेवलेले असते. मधली पोकळी भरायला कडे मिळते, त्याला हबरिंग म्हणतात. ते न लावता चाक नुसत्या नटांवर तोलले, तर केसभर सरकून बसते. माझ्या आधीच्या गाडीचे स्टीअरिंग ऐंशीच्या पुढे थरथरू लागले, म्हणून मी तीनदा बॅलन्सिंग करून घेतले आणि प्रत्येक वेळी शिशाचे तुकडे इकडून तिकडे झाले. चौथ्या ठिकाणी एका वयस्कर मेकॅनिकने चाक उतरवताच बोट आत घालून दाखवले: कडीच बसवलेली नव्हती. चार कडी बसली आणि थरथर त्याच दिवशी गेली.

ऑफसेट समजायला थोडा कागद लागतो. रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती बाहेर आहे, ते हे अंतर. समजा, मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि ऑफसेट ४५. नवी रिम सात इंच रुंद आणि ऑफसेट ३५. रुंदी दीड इंच, म्हणजे ३८ मि.मी. वाढली, त्यातले १९ बाहेर आणि १९ आत. ऑफसेट दहाने घटला, म्हणजे सबंध चाक आणखी दहा बाहेर. एकूण बाहेरची कड २९ मि.मी. बाहेर आली आणि आतली कड ९ मि.मी. आत गेली. चाक एवढे बाहेर आले, की स्टीअरिंग खराब रस्त्यावर हातात ओढ घेते, बेअरिंगवर ताण वाढतो, चिखल दारांवर उडतो आणि मागे तिघे बसलेले असताना गतिरोधकावर टायर मडगार्डला घासतो. नव्या रिमची बाहेरची कड मूळ जागेपासून दहा-बारा मि.मी. पेक्षा जास्त सरकू नये, अशा बेताने रुंदी आणि ऑफसेट निवडावा.

कायदा आणि विमा थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. म्हणून गाडी एमएच-०४ ची असो की एमएच-४३ ची, सर्वांत निर्धोक मार्ग एकच आहे: आपल्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी जे माप देते, तेच घ्यावे. चाके बदलल्याचे विमा कंपनीला लेखी कळवावे आणि उत्तर जपून ठेवावे.

बसवण्याच्या दिवशी

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून घ्यावा, अन्यथा नवी रिम सपाट टेकत नाही. नट रिमच्या खाचेशी जुळणारे हवेत. काही खाचा शंकूसारख्या असतात, काही गोलाकार, आणि चुकीचा नट आवळला तरी पकड घेत नाही. नट आधी हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नयेत. मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, पान्ह्यावर लावूनच शेवटचा हात मारावा, आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावा. दाब दाखवणारे सेन्सर व्हॉल्व्हवर असतील, तर ते नव्या रिमवर आले की नाही, हे पाहावे. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी उरकावे.

दुकानातून निघण्यापूर्वी स्टीअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहावे, आणि शक्य असेल तर मागे तिघांना बसवून एखाद्या गतिरोधकावरून जाऊन यावे. स्टेपनी जुन्याच रिमची राहणार असेल, तर तिला जुने नट लागतात का, हे तेथेच विचारून ते नट एका पिशवीत बांधून डिकीत ठेवावेत. रात्री अकरा वाजता शिळफाट्याच्या पुढे टायर बसला आणि डिकीत स्टेपनी आहे पण नट नाहीत, हा प्रसंग कल्पनेनेही नकोसा आहे.

परिणाम मोजण्याची रीत

चाके बदलण्याआधी आणि नंतर तीन नोंदी कराव्यात. एक, मोकळ्या सपाट रस्त्यावर काटा साठवर स्थिर ठेवून शेजारी बसलेल्याने मोबाइलवरील जीपीएसचा वेग टिपावा. दोन, तिसऱ्या गिअरमध्ये तीसपासून साठपर्यंत पूर्ण पेडल दाबून लागणारा वेळ, शेजारच्याच्या हातातील घड्याळावर. हे जाताना तीनदा आणि येताना तीनदा करून सरासरी काढावी, म्हणजे रस्त्याचा उतार आणि वारा यांचा परिणाम निघून जातो. तीन, एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे किलोमीटर आणि लिटर. नव्या चाकांवर आलेल्या किलोमीटरला व्यासाच्या गुणोत्तराने गुणावे. पाच टक्के मोठा टायर असेल, तर १.०५ ने. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये, निदान तीन भराव्यात, कारण घोडबंदर रस्त्यावरची एक वाईट संध्याकाळही सबंध टाकीचे ॲव्हरेज लिटरमागे एक किलोमीटरने खाली आणते.

वरच्या सगळ्या हिशेबाअंती मी स्वतः सोळा इंची, १९५/५५ च्या मापावर थांबलो आणि मूळ पंधराची चाके विकली नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात जुनी चाके चढतात आणि नवरात्र संपल्यावर नवी. उतरवलेली चाके रिमसकट असतात, म्हणून ती उभी न ठेवता आडवी एकावर एक रचावीत, उन्हापासून दूर, आणि प्रत्येकावर खडूने 'पुढे डावे', 'मागे उजवे' असे लिहून ठेवावे.